सिमेंटचे पत्रे आणि ॲस्बेस्टॉस: बांधकाम कामगारांच्या प्रशिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औद्योगिक वसाहतींतील शेड, जुन्या चाळी, शाळांच्या खोल्या, पोल्ट्री, गोठे आणि गोदामे यांच्यावर सिमेंटचे पत्रे महाराष्ट्रात आजही सर्वत्र दिसतात. ते बदलण्याचे, कापण्याचे आणि पाडण्याचे काम जे कामगार करतात, त्यांना या पत्र्यांविषयी क्वचितच कोणी काही समजावून सांगते. ठेकेदार, साइट इंजिनिअर, सुरक्षा अधिकारी, मुकादम आणि स्वतः कामगार यांच्याकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते म्हणजे नेमके काय असते?

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. नुसते सिमेंट पातळ थरात टिकत नाही, म्हणून त्यात हे तंतू मिसळून पत्रा मजबूत केला जातो. आपल्याकडच्या नागमोडी पत्र्यांत साधारणपणे आठ ते दहा टक्के क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस असते आणि उरलेला भाग मुख्यतः सिमेंटचा असतो. पत्र्यांखेरीज जुन्या पाणीपुरवठ्याचे एसी, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप, पावसाळी पन्हळी, पाण्याच्या टाक्या, सपाट पार्टिशन बोर्ड, बॉयलर आणि वाफेच्या नळांवरचे जुने लेपन, तसेच नळांच्या सांध्यांत बसवायचे गॅस्केट यांतही ते सापडते. यांपैकी नळांवरचे लेपन सर्वांत घातक समजावे, कारण ते भुसभुशीत असते आणि हाताने चुरगळले तरी त्याचे तंतू हवेत जातात.

पत्रा वर्षानुवर्षे डोक्यावर आहे आणि कोणाला काही झालेले नाही. मग धोका केव्हा निर्माण होतो?

अखंड, रंगवलेल्या आणि कोणी हात न लावलेल्या पत्र्यातून फारच थोडे तंतू सुटतात. पत्रा कापला, भोक पाडले, घासला, फोडला किंवा वरून खाली टाकला की तंतू मोकळे होतात. मे महिन्यात पावसाळ्याच्या तोंडावर होणारी छपराची डागडुजी, रंगकामापूर्वी शेवाळ काढण्यासाठी पत्र्यांवर मारलेला जोरदार दाबाचा पाण्याचा फवारा, आणि ग्राइंडरने जागेवरच पत्रा मापात कापण्याची पद्धत ही आपल्याकडची नेहमीची धोक्याची कामे आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हजारो छपरे उडवली. अशा वेळी फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे गोळा करणारे लोक बहुधा उघड्या हातांनी आणि कोरड्या झाडूने काम करतात, आणि त्यांच्यात कामगारांबरोबर घरची माणसेही असतात.

मोकळे झालेले तंतू इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि श्वासाबरोबर आत गेल्यावर खोकलाही येत नाही. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तेथे वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्यामुळे फुप्फुस घट्ट होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात ठेवले आहे. आजार उघड होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे ‘कोणाला काही झालेले नाही’ हे निरीक्षण कामाच्या ठिकाणी करताच येत नाही. ज्यांना आजार झाला ते तोवर काम सोडून गावी गेलेले असतात.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कामगाराने कसे ओळखावे?

नजरेने खात्रीने ओळखता येत नाही, आणि प्रशिक्षणात हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगितले पाहिजे. काही खुणा मात्र उपयोगी पडतात. पत्र्यावर आयएस ४५९ किंवा पाइपवर आयएस १५९२ हा मानक क्रमांक छापलेला दिसला, तर ते उत्पादन ॲस्बेस्टॉस सिमेंटचे आहे. फुटलेल्या कडेला पांढुरके, मऊ, केसासारखे तंतू दिसले तर संशय बळावतो. मात्र ते पाहण्यासाठी कोणीही पत्रा मुद्दाम फोडू नये. अलीकडे ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि दिसायला ते जवळजवळ तसेच असतात.

म्हणून नियम असा ठेवावा की जुना सिमेंटचा पत्रा हा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालायचे, आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची. खात्री करायची असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने नमुन्याची जागा ओली करून लहान तुकडा घ्यावा, तो दुहेरी पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवावा आणि तेथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याची तपासणी व्हावी.

संपर्काचे मूल्यमापन करणे हे तर तज्ज्ञाचे काम आहे. कामगाराला ते का शिकवायचे?

हवेतील तंतू मोजणे हे तज्ज्ञाचे काम आहे, यात शंका नाही. परंतु सकाळी आठ वाजता छपरावर चढताना तेथे तज्ज्ञ नसतो, आणि आज धूळ किती उडणार हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या क्षणी कामगाराच्याच हातात असतात. त्यामुळे त्याला काम सुरू होण्यापूर्वीचे मूल्यमापन यायलाच हवे.

त्यात पाहायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या नेमक्या आहेत. पत्रा अखंड आहे की तडकलेला, हे आधी पाहावे. जुनाट, पृष्ठभाग झिजलेला आणि शेवाळलेला पत्रा नव्या पत्र्यापेक्षा सहज तंतू सोडतो. त्यानंतर कामाची पद्धत पाहावी. नट सोडवून अख्खा पत्रा उतरवणे आणि ग्राइंडर लावून त्याच पत्र्याचे दोन भाग करणे यांत प्रचंड फरक आहे. काम उघड्यावर आहे की बंद खोलीत, वारा कोणत्या बाजूला वाहतो, खाली कोण काम करत आहे, शेजारी शाळा किंवा वस्ती आहे का, पाणी उपलब्ध आहे का, आणि हे काम अर्ध्या तासाचे आहे की महिनाभराचे, हेही विचारात घ्यावे लागते. याच प्रश्नांच्या उत्तरांवरून काम आहे तसे करायचे, पद्धत बदलून करायचे की थांबवून वरिष्ठांना कळवायचे, हा निर्णय होतो.

थांबवण्याचा निर्णय शिकवणे सर्वांत कठीण आहे. नाक्यावरून रोजंदारीवर आलेला कामगार ‘मी हे कापणार नाही’ असे सहसा म्हणत नाही, कारण उद्या त्याला कामावर बोलावणार की नाही हे मुकादमाच्या हातात असते. म्हणून जे प्रशिक्षण फक्त कामगारांना दिले जाते आणि मुकादमाला दिले जात नाही, त्याचा उपयोग होत नाही असे आमचे ठाम मत आहे. दोघांनी एकाच वर्गात बसले पाहिजे आणि काम थांबवल्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही हे ठेकेदाराने सर्वांसमोर सांगितले पाहिजे.

हवेतील तंतू प्रत्यक्ष मोजतात कसे आणि मर्यादा किती असते?

कामगाराच्या कमरेला बॅटरीवर चालणारा छोटा पंप बांधतात. त्याची नळी खांद्यावरून नेऊन गळ्याजवळ, म्हणजे श्वास घेण्याच्या पट्ट्यात, फिल्टरची डबी अडकवतात. ठरावीक वेळ हवा ओढल्यानंतर तो फिल्टर पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजले जातात. लांबी पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त, जाडी तीन मायक्रॉनपेक्षा कमी आणि लांबी जाडीच्या किमान तिप्पट असलेले तंतूच मोजणीत धरतात.

अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीने दर घनसेंटिमीटर हवेत ०.१ तंतू ही मर्यादा आहे, आणि कोणत्याही अर्ध्या तासाची सरासरी १ तंतूच्या वर जाता कामा नये असेही बंधन आहे. ब्रिटनमध्ये ०.१ ही मर्यादा चार तासांच्या सरासरीवर आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाद्वारे ती दहापट खाली आणून ०.०१ केली.

सरासरी हा शब्द प्रशिक्षणात उदाहरणाने समजावून सांगावा. समजा, एका कामगाराने अर्धा तास पत्रे कापले, त्या वेळी हवेत १.६ तंतू होते आणि उरलेले साडेसात तास तो धुळीपासून दूर होता. आठ तासांची सरासरी बरोबर ०.१ येते आणि कागदावर सारे नियमात दिसते, परंतु त्या अर्ध्या तासाची मर्यादा दीडपटीहून अधिक ओलांडली गेलेली असते. मोजमापाचा अहवाल हातात आल्यावर नमुना कोणत्या कामाच्या वेळी आणि किती वेळ घेतला, हे प्रथम पाहावे. चहाच्या सुटीसह घेतलेला नमुना ग्राइंडरबद्दल काहीही सांगत नाही.

मर्यादेच्या आत राहणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कर्करोगाच्या दृष्टीने ज्याच्या खाली धोकाच नाही अशी पातळी सापडलेली नाही.

प्रशिक्षण कोणाला आणि किती वेळाचे असावे?

पत्रे उतरवणारे, बसवणारे, पाडकाम करणारे, जुन्या इमारतीत भिंती फोडून वायरिंग किंवा प्लंबिंग करणारे, राडारोडा भरणारे आणि या सर्वांवर देखरेख करणारे अशा प्रत्येकाला प्रशिक्षण हवे. राडारोडा भरणाऱ्या आणि जागा झाडणाऱ्या स्त्रिया या यादीतून हमखास सुटतात. वास्तविक सर्वांत जास्त कोरडी धूळ त्यांच्याच वाट्याला येते.

कालावधीसाठी अमेरिकेच्या बांधकाम नियमांचा आधार घेता येतो. तेथे फक्त साफसफाई करणाऱ्यांसाठी किमान दोन तास, पत्रे व छपराचे साहित्य काढणाऱ्यांसाठी किमान आठ तास आणि नळांवरचे लेपन काढण्यासारख्या सर्वांत धोकादायक कामासाठी बत्तीस तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे, आणि दर वर्षी उजळणी सक्तीची आहे. भारतात ब्रिटनप्रमाणे ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या ठेकेदारांसाठी स्वतंत्र परवाना पद्धत नाही. त्यामुळे आपल्याकडे हे तास ठेकेदाराने आणि काम देणाऱ्याने स्वतःहून करारात लिहून घ्यावे लागतात. सकाळच्या पाच मिनिटांच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी दिल्या जाणाऱ्या सूचनांत, हा विषय संपवता येत नाही.

भाषेचा विचार आधी करावा. एकाच साइटवर मराठवाड्यातील, उत्तर कर्नाटकातील, बिहार-झारखंडमधील कामगार असतात. प्रत्येकाला कळेल अशा भाषेत सांगावे, चित्रे वापरावीत आणि शेवटी लेखी परीक्षेऐवजी प्रत्येकाकडून काम करून घेऊन पाहावे.

पत्रा उतरवण्याचा सराव कसा घ्यावा?

सरावासाठी ॲस्बेस्टॉसविरहित पत्रे वापरावेत. जमिनीपासून कमी उंचीवर लाकडी किंवा लोखंडी पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात ते आडवे वासे, उभारून त्यावर दोन-तीन पत्रे जे-हुक आणि वॉशर लावून पक्के करावेत, म्हणजे प्रत्यक्ष छपरासारखी स्थिती मिळते.

पत्रा आधी दोन्ही बाजूंनी ओला करायचा. नुसते पाणी पत्र्यावरून ओघळून जाते. त्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे थोडे थेंब टाकले तर ते पृष्ठभागात मुरते. फवारा हलका हवा, कारण जोरदार फवाऱ्याने तंतूच उखडतात. नंतर हुकचा नट पान्याने सोडवायचा. तो बहुधा गंजलेला असतो आणि येथेच कामगाराचा हात सवयीने ग्राइंडरकडे किंवा हातोड्याकडे जातो. गंजलेला नट निघत नसेल तर हुक बोल्ट कटरने तोडावा. पत्रा फोडून हुक सोडवू नये. शेवटी बसवलेला पत्रा सर्वांत आधी काढावा, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या कडा ओढाव्या लागत नाहीत. पत्रा दोघांनी उचलून दोराने किंवा लिफ्टने खाली घ्यावा. तो वरून फेकणे ही एकच कृती बाकीची सगळी काळजी फुकट घालवते.

खाली आलेले पत्रे जाड प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, सांधे टेपने बंद करून, त्यांवर ‘ॲस्बेस्टॉस – धूळ श्वासात घेऊ नका’ असे मराठी आणि हिंदीत लिहिलेले लेबल लावावे. पर्लिनवर उरलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकेही त्याच कचऱ्यात टाकावे. कोरडा झाडू आणि एअर कॉम्प्रेसर साइटवरून बाहेरच काढून ठेवावेत. हाताशी असलेले साधन माणूस वापरतोच.

तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क पुरेसा आहे का?

नाही. रुमाल, गमछा, सर्जिकल मास्क यांतून हे तंतू सहज आत जातात. अमेरिकेच्या नियमांत तर ॲस्बेस्टॉसच्या कामासाठी एकदा वापरून टाकायचे कापडी गाळणीचे मास्क, म्हणजे एन९५ प्रकारचेसुद्धा, चालत नाहीत. पी३ दर्जाचे, म्हणजे अतिबारीक कण अडवणारे फिल्टर लावलेला रबरी हाफ मास्क ही या कामासाठीची किमान पातळी मानावी. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच त्याचा उपयोग आहे. दाढीचे खुंट वाढलेले असले तरी कडेने हवा आत शिरते. फिल्टरवर दोन्ही तळवे ठेवून श्वास ओढल्यावर मास्क आत ओढला जातो का, ही चाचणी प्रत्येकाने दर वेळी मास्क घालताना करावी. मे महिन्याच्या उन्हात छपरावर असा मास्क घालून सलग काम करणे कष्टाचे आहे. त्यामुळे पहाटे काम सुरू करणे आणि वारंवार विश्रांती देणे हा मास्कच्या नियोजनाचाच भाग आहे.

या कामात त्याच दिवशी जीव जाण्याचा धोका कोणता?

पत्र्यातून खाली कोसळण्याचा. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो आणि जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. नट असलेल्या ओळीवर, म्हणजे पर्लिनवर पाय ठेवून चालण्याचा सल्ला दिला जातो, पण एक पाय घसरला की त्या सल्ल्याचा काही उपयोग राहत नाही. पत्र्यावर थेट पाय न देता पर्लिनवर टेकलेल्या फळ्या, खाली जाळी आणि स्वतंत्र आधाराला अडकवलेला फुल बॉडी हार्नेस (संपूर्ण शरीराला बांधायचा सुरक्षा पट्टा) यांशिवाय कोणालाही वर चढवू नये. ओला केलेला पत्रा अधिक निसरडा होतो. त्यामुळे शक्य तेथे शिडी-मचाणावरून किंवा बूम लिफ्टमधून, म्हणजे छपरावर न चढताच, खालच्या बाजूने काम करावे. ॲस्बेस्टॉसचे प्रशिक्षण आणि उंचीवरील कामाचे प्रशिक्षण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी देण्याची पद्धत आम्हांला चुकीची वाटते. छपरावर हे दोन्ही धोके एकाच पावलाखाली असतात.

कामाचे कपडे घरी नेले तर काय बिघडते?

कपड्यांच्या घड्यांत, केसांत आणि बुटांत अडकलेले तंतू घरी येतात. कपडे झटकून धुणारी पत्नी किंवा आई आणि आल्याबरोबर बिलगणारी मुले यांच्यापर्यंत ते पोहोचतात. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून एकदा वापरून टाकायचा डोक्यापासून पायापर्यंतचा सूट, साइटवर आंघोळीची किंवा निदान हात-तोंड-केस धुण्याची सोय आणि घरच्या कपड्यांसाठी स्वच्छ जागा ही ठेकेदाराची जबाबदारी आहे. आधी सूट आतून बाहेर गुंडाळत काढायचा आणि मास्क सर्वांत शेवटी, हा क्रम सरावाने अंगवळणी पडला पाहिजे. साइटवर राहणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्यांना उतरवलेले पत्रे देऊन टाकण्याची उदारता कृपया कोणी करू नये.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे उत्पादन आणि विक्री यांवर सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेशही त्यात आहे.

बांधकामासाठी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता; तो आणि १९४८ चा कारखाने कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावलेले आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे आणि ठरवून दिलेल्या वर्गांतील कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणे ही कर्तव्ये या संहितेने मालकावर टाकली आहेत. प्रत्यक्ष कामाच्या पद्धतीसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११७६९ हे मार्गदर्शक मानक साइटवर ठेवावे. राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, आणि प्रशिक्षण व हवेच्या मोजमापाविषयी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेकडे विचारणा करता येते.

उतरवलेल्या पत्र्यांचे काय करावे?

भरावात टाकू नयेत, भंगारात विकू नयेत, फोडून रस्त्याच्या खड्ड्यांत घालू नयेत. गुंडाळलेले आणि लेबल लावलेले पत्रे धोकादायक कचऱ्याच्या सुरक्षित भूभरावाकडे पाठवावेत. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. वाहतुकीचा खर्च निविदेतच वेगळ्या ओळीत दाखवावा. तो दाखवला नाही तर पत्रे रातोरात नाल्याच्या काठी जातात, हे सर्वांना ठाऊक आहे.

मी अनेक महिने पत्रे कापले, पण छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. मी सुरक्षित आहे का?

एक्स-रेवर तंतू दिसत नाहीत. त्यांच्यामुळे झालेली इजा दिसते आणि तीही अनेक वर्षांनी. त्यामुळे आजचा स्वच्छ एक्स-रे ही पुढील तुलनेसाठीची पहिली नोंद आहे, निर्धोकतेचा दाखला नव्हे. तो जपून ठेवावा. स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, करून घ्यावी आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर या कामाविषयी आपणहून सांगावे, कारण दम लागणाऱ्या कामगाराला बहुतेक ठिकाणी टीबी किंवा दमा समजूनच औषधे दिली जातात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सोडावी. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षा बराच जास्त होतो.

प्रशिक्षणानंतर कामगाराच्या हातात कोणता कागद असायला हवा?

ॲस्बेस्टॉसिस, तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे कायद्याने मान्य केलेले, भरपाईस पात्र व्यावसायिक आजार आहेत. परंतु भरपाई मागताना आजाराबरोबर त्या कामाचाही पुरावा द्यावा लागतो. तीस वर्षांत ठेकेदार बदललेला असतो, शेड पाडून तेथे टॉवर उभा राहिलेला असतो आणि नाक्यावरून गेलेल्या कामगाराचे नाव कोणत्याही हजेरीपटावर सापडत नाही. न्यायालयाने सांगितलेली चाळीस वर्षांची नोंद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्राबरोबर एक छोटी वही द्यावी. तिच्यात साइटचा पत्ता, मुख्य मालक आणि ठेकेदार यांची नावे, कामाच्या तारखा, कामाचा प्रकार, पत्रे कापले की अखंड उतरवले, कोणता मास्क होता आणि हवेचे मोजमाप झाले असल्यास त्याचा आकडा लिहावा आणि त्याखाली साइट इंजिनिअरची सही व शिक्का घ्यावा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी मुकादमाने लिहावे आणि वाचून दाखवावे. नियुक्तिपत्र, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आणि पहिला एक्स-रे याच वहीत ठेवावा. मंडळाच्या नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मागताना ही वही दाखवता येते. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढून घरच्या एखाद्या माणसाला पाठवावा, कारण पुढे दावा करण्याची वेळ अनेकदा कामगाराच्या पत्नीवर किंवा मुलांवर येते.